सुरेखाच्या ब्लॉगचं निवडटिपण

तासगावच्या बेदाणा बाजारात जिनपाल मगदुमांना सगळे मालाचा माणूस म्हणून ओळखतात. एका अडत दुकानात त्यांचं उभं आयुष्य गेलं. शेतकऱ्याचा बेदाणा दुकानात उतरला की सौद्याआधी त्यातून नमुन्याचं ताट मांडायचं, हे त्यांचं काम. मूठभर बेदाणा तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या तळव्याने हलकेच चोळायचा, फुंकर मारून काड्या उडवायच्या आणि मग डागी मणी एकेक करून वेचून टाकायचे. त्यात कुणाला फसवण्याचा हेतू नसे. तोंड धुऊन, केस विंचरून पोराला शाळेत पाठवावं, तसं ते मालाला बाजारात पाठवत. ताटात चार काळे मणी राहिले तर व्यापारी ते चारच पाहतो, बाकीचं ताट त्याला दिसत नाही, असं ते दुकानातल्या नव्या माणसांना सांगायचे. स्वतः बोलायला कमी. घरी तर बोलायची गरजच नव्हती, कारण घरी सुरेखा होती.

सुरेखा बोलायची म्हणजे पाणी भरताना, पीठ मळताना, देवळात जाताना, येताना, कायम बोलायची. लॉकडाऊनमध्ये मुलगी दीपाली घरी अडकली होती, तेव्हा तिने आईला मोबाईलवर एक ब्लॉग काढून दिला. नाव सुरेखानेच ठेवलं : ‘बिनकांद्याची चूल’. जैनांच्या घरात कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच चालत नाही, सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, रात्रीचं शिळं सकाळी पानात घ्यायचं नाही. हे सगळं सांभाळून चवीचं काय करावं, हे ती त्यात लिहू लागली. आधी नात्यातल्या मुली वाचायच्या. मग पुण्याच्या हॉस्टेलवरच्या, मग सून म्हणून नव्याने जैन घरात आलेल्या आणि कांद्याशिवाय आमटी कशी करतात या विचाराने रडकुंडीला आलेल्या. वाचणाऱ्या वाढत गेल्या.

ब्लॉगचं रूप मात्र काही चांगलं नव्हतं. दीपालीने घाईत निवडलेली गुलाबी फुलांची पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं, बाजूला घड्याळ, किती जण आले ते सांगणारे आकडे, वर सरकती सूचना. त्यात सुरेखाने जमेल तसं काहीबाही चिकटवत नेलं. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले, आमटी निळसर दिसायची. “आपला ब्लॉग म्हंजे एसटी स्टँडची भिंत झालाय,” असं तीच हसत म्हणायची, “एकदा ह्याची रंगरंगोटी करून घ्यायची हाय मला.”

ती करायची राहिली आणि गेल्या थंडीत सुरेखाला अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यातून ती घरी आली ती उजवा हात आणि वाचा तिथेच ठेवून. वाचा अगदीच गेली नव्हती. एक शब्द राहिला होता, ‘चला’. पाणी हवं असलं तरी चला, पाय दुखला तरी चला, दीपाली साताऱ्याला परत जायला निघाली तरी चला. इतकं बोलणाऱ्या बाईच्या पदरात नेमका हाच एक शब्द का राहावा, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मात्र त्यांनी एवढं सांगितलं की तिला समजतं सगळं, हळूहळू वाचताही येतं. तिच्या आवडीचं तिच्यासमोर ठेवा, तिला बोलावंसं वाटलं पाहिजे. तिनेच मन काढून घेतलं तर आमचे व्यायाम काही कामाचे नाहीत.

आणि ती मन काढून घेऊ लागली होती. व्यायामाच्या वेळी भिंतीकडे तोंड करायची. आरशात पाहायला सांगितलं की डोळे मिटायची. एका गोष्टीत तेवढा जीव होता : दुपारी डाव्या हातात मोबाईल घेऊन आपला ब्लॉग उघडायची आणि अंगठ्याने वर सरकवत राहायची. जिनपाल दुकानातून जेवायला घरी येत तेव्हा तिच्या खांद्यावरून पाहत. फोटो, कृती मागे टाकून ती पार तळाला जायची आणि तिथे थांबून राहायची. तळाला काय, तर प्रतिक्रियांची गिचमीड. कर्ज घ्या, लॉटरी लागली, वजन उतरवा, असली इंग्रजी जाहिरातबाजी तिथे कुणी कुणी येऊन चिकटवून ठेवलेली. तिचा अंगठा त्या कचऱ्यात अडकून पडतो आणि तिला बाहेर येता येत नाही, असं जिनपालना वाटलं. आपण याचं रूप पालटून दिलं तर ही पुन्हा यात रमेल, कदाचित एखादा शब्दही बोलेल. हे त्यांच्या मनाने घेतलं, आणि एकदा त्यांच्या मनाने घेतलं की घेतलं.

आधी ते सांगलीला वेबसाइट करून देणाऱ्या एका कंपनीत गेले. काचेचं दार, थंड हवा, समोर बसलेल्या मुलीने मोठ्या अदबीने आकडा सांगितला आणि दर वर्षी पुन्हा किती लागतील तेही सांगितलं. मिरजेचा दवाखाना नुकताच आटोपला होता. जिनपालनी चहा अर्धा ठेवला आणि तासगावची गाडी धरली. दीपालीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ब्लॉगचे तयार साचे फुकट मिळतात आण्णा, एवढे पैसे कशाला? साचा साधा घ्या, अक्षर एकच ठेवा, फोटो उजेडात काढा आणि गर्दी काढून टाका. मांडून देणारा कुणीतरी बघा, बास.

मांडून देणारा म्हणजे विश्वजित. स्टँडसमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, वास्तुशांती, निवडणूक, श्रद्धांजली, गावात जे काही फडकायचं ते त्याच्या मशीनमधून निघायचं. गडी चाळिशीकडे झुकलेला, मनाने मोकळा. सुरेखाआक्कांचं काम म्हटल्यावर त्याने मजुरीचा विषयच काढू दिला नाही. चहा पाजा म्हणाला. आणि दोन दिवसांनी त्याने जे करून दाखवलं, त्यात सोनेरी महिरप होती, दोन्ही बाजूंना समया, आणि मधोमध लंबगोल चौकटीत सुरेखाचा हसरा फोटो, भोवती झेंडूची माळ.

“बघा की आण्णा, माणूस जाग्यावर थांबला पाहिजे,” विश्वजित म्हणाला.

जिनपालनी ती माळ पाहिली. मग म्हणाले, “विश्वजित, ती जिती हाय रं अजून.”

विश्वजितचे कान लाल झाले. त्याने एका बोटाने सगळं पुसून टाकलं आणि खुर्ची सरकवून म्हणाला, “तुमीच बसा हितं शेजारी. सांगाल तसं करतो.”

पुढचे काही आठवडे जिनपाल दुकान सुटलं की त्याच्याशेजारी जाऊन बसत. संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ताट कसं मांडायचं ते कळत होतं, आणि हे वेगळं काही नव्हतं. विश्वजित फुकटचे साचे एकेक उघडून दाखवायचा, ते मान हलवायचे. शेवटी पांढराशुभ्र, मोकळा असा एक साचा त्यांनी धरला. घड्याळ काढ, म्हणाले. आकडे काढ. सरकती सूचना काढ. रंग एकच ठेवला, चांगल्या हिरव्या बेदाण्याचा असतो तसला, पिवळ्याकडे झुकणारा. तो नेमका सापडावा म्हणून ते खिशातून चार मणी घेऊन आले होते, आणि विश्वजित ते पडद्याला लावून लावून रंग जुळवत होता. अक्षर सुटसुटीत, थोडं मोठं, चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला चष्म्याशिवाय दिसेल असं. कृतींचे कप्पे केले : रोजचं, चातुर्मासातलं, पर्युषणातलं, आजाऱ्याचं. विश्वजितच मग म्हणू लागला, आण्णा, मोकळी जागा सोडली की लय भारी दिसतंय राव, मला आजवर कुणी जागा सोडूच दिली न्हाई.

फोटोंसाठी दीपाली साताऱ्याहून रविवारी आली. तिने सकाळपासून स्वयंपाक केला आणि एकेक ताट खिडकीपाशी, पांढऱ्या धोतराच्या कापडावर ठेवून मोबाईलवर फोटो काढले. सुरेखाला खुर्चीवर जवळच बसवलं होतं. पिठलं पाहिलं आणि तिने डावा हात झटकला. “चला,” ती म्हणाली. ते साधं चला नव्हतं. घट्ट झालंय, असं ते चला होतं. दीपालीने पाणी घालून पुन्हा ढवळलं, पुन्हा आणलं, तेव्हा सुरेखाने मान डोलावली. त्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड केलं नाही. जिनपालना कितीतरी दिवसांनी घासाला चव लागली.

काम संपत आलं तेव्हा शेवटी राहिला तो तळ. विश्वजितने प्रतिक्रियांचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत कर्ज आणि लॉटरी. त्याने थोडं सरकवलं, मधूनच मराठी ओळी दिसल्या, पुन्हा लॉटरी.

“ह्यात आक्कांचंबी काय काय हाय लिहिलेलं,” तो म्हणाला. “बायकांनी इचारलेलं, त्यांनी सांगितलेलं. एकेक निवडत बसलो तर लय दिवस जातील. काय करू?”

दुकानातून निरोप आला होता, कवठ्याचा एक शेतकरी माल घेऊन वाट पाहत होता. जिनपालनी पडद्याकडे पाहिलं. स्वच्छ पांढऱ्या पानाखाली ती गिचमीड त्यांना डागी माल दिसतो तशी दिसली. आक्कांचं म्हणजे काय असणार, धन्यवाद, आवडलं, असंच काहीतरी. कृती तर सगळ्या वर होत्याच.

“काढून टाक.”

“सगळंच? परत येत न्हाई बरं का ते, आण्णा.”

“सगळंच काढ. ताट स्वच्छ दिसू दे.”

विश्वजितने काढलं.

नंतरच्या रविवारी दीपाली पुन्हा आली. सुरेखाला उशीला टेकवून बसवलं, चष्मा लावला आणि जिनपालनी स्वतः मोबाईल तिच्या डाव्या हातात दिला. पान उघडलं. पांढऱ्यावर ती हिरवट रेघ, खाली ठसठशीत ‘बिनकांद्याची चूल’, आणि खिडकीच्या उन्हातलं पिठल्याचं ताट. सुरेखाचा चेहरा उजळला, म्हणजे जेवढा उजळू शकत होता तेवढी डावी बाजू उजळली. तिने ताटावर बोट फिरवलं. “चला,” ती अगदी हळू म्हणाली. जिनपाल दीपालीकडे पाहून हसले. आता ही बोलणार, असं त्यांना वाटत होतं.

मग तिचा अंगठा सरकू लागला. फोटो गेला, साहित्य गेलं, कृती गेली, तळ आला. तळाला पांढरी जागा होती. ती थांबली. वर गेली, पुन्हा खाली आली. दुसरी कृती उघडली, तळाला गेली. तिसरी उघडली. तिचा अंगठा घाई करू लागला, घसरू लागला. मग तिने मान उचलून जिनपालकडे पाहिलं.

“चला?”

त्यांना वाटलं, पुढचं दाखव म्हणते. ते मोबाईल घ्यायला वाकले, तर तिने तो छातीशी धरला. दीपालीने हळूच तिच्या मुठीतून सोडवून घेतला आणि पाहिलं.

“आण्णा, खालचं कुठं गेलं?”

जिनपालनी जाहिरातींचं सांगितलं. कचरा किती होता ते सांगितलं. बोलताना आपला आवाज बाजारातल्यासारखा मोठा येतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले.

“आई तेच वाचत होती रोज,” दीपाली म्हणाली. “कृती तिनं मोजूनमापून लिहिल्या, चुका नकोत म्हणून माझ्याकडनं तपासून घेतल्या. बोलली ती खाली, आण्णा. बायका काय काय विचारायच्या, सासूचं सांगायच्या, कुणी रडायची. ही प्रत्येकीला उत्तर द्यायची. मला नुसतं सांगायची, पण कवा म्हणजे कवा दाखवलं नाही, म्हणायची, त्या माझ्याशी बोलत्यात, तू नगं तिथं. तिला स्वतःचं बोलणं तेवढ्या एका जागी ऐकायला मिळत होतं.”

जिनपालनी ते कधीच वाचलं नव्हतं. ब्लॉग ते पाहायचे तो ताटासारखा, वरून. दुपारी तिच्या खांद्यावरून पाहिलं तेव्हाही त्यांना कर्ज आणि लॉटरीच दिसली होती. त्यांच्या नजरेला चार काळे मणी आधी दिसतात, म्हणून तर बाजारात त्यांना मान होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते विश्वजितकडे गेले. त्याने सगळीकडे शोधलं, सांगलीतल्या, पुण्यातल्या मित्रांना फोन लावले. सगळ्यांनी एकच सांगितलं, पुसलेलं परत येत नाही. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, “मी इचारलं हुतं, आण्णा.” एवढंच म्हणाला, आणि तेही म्हटल्याबद्दल त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने उठून स्वतः चहा आणला. जिनपाल तो पूर्ण प्यायले. त्याच्यावर रागवायला जागा नव्हती.

त्यानंतर सुरेखाने ब्लॉग उघडला नाही. मोबाईल उशाशी पडून असायचा. जिनपालनी एकदा नव्या पानावरची कृती वाचून दाखवली, तिने ऐकून घेतली, पाहुण्याचं ऐकावं तशी. रागावली असती तर बरं झालं असतं. बाजारात मात्र कौतुक चाललं होतं. ब्लॉग लय देखणा केलाय, म्हणून व्यापारी सांगायचे. एका द्राक्षबागायतदाराने तर आपल्या मालासाठी तसंच करून हवं म्हणून विश्वजितला गाठलं. प्रत्येक वेळी जिनपाल मान डोलवायचे आणि हातातल्या बेदाण्याकडे पाहायचे. डागी मणी वेचताना आता त्यांचा हात मध्येच थांबायचा.

असा महिनाभर गेला आणि एका संध्याकाळी फोन आला. नव्या पानावर विश्वजितने संपर्काचा नंबर टाकला होता, तो जिनपालचा होता. पलूसहून हरणाबाई म्हणून कुणी बोलत होत्या. आवाज म्हातारा, तक्रारीचा. नवं रूप छान हाय, पण माझं लिहिलेलं कुठं गेलं, म्हणाल्या. आक्कांनी मला उत्तर दिलं होतं, ते मी सणावाराला उघडून वाचते. आक्कांना द्या की जरा फोन.

जिनपालनी त्यांना सगळं सांगितलं. झटक्याचं सांगितलं, आणि खालचं आपणच काढून टाकल्याचंही. मग जिनपालनीच विचारलं, तिने काय उत्तर दिलं होतं ते तुम्हाला आठवतंय का? थांबा, तिच्याजवळ नेतो.

ते आत गेले. सुरेखाला अंथरुणावर बसवलं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, जेवायची वेळ जवळ आली होती, भात तयार होता. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

“आक्का, मी हरणाबाई,” फोनमधून आवाज आला. “आमचं मालक गेलं तवा मी तुमास्नी इचारलं हुतं, एकटीला आमटीसाठनं डाळ किती घ्यायची. मापच कळंना मला. दोघांचीच हुयाची, आन आपल्यात तर शिळं चालत न्हाई. तवा तुमी लिवलं हुतं, ‘हरणाकाकू, एक मूठ तुमची घ्या आन एक मूठ शेजारच्या घरातल्या कुणाची तरी. दिस बुडायच्या आत त्याला हाक मारा. मापाचं बघू नगा, हाक मारायचं इसरू नगा.’ असंच हुतं न्हवं? तवापास्नं शेजारची म्हातारी रोज येती माझ्याकडं, बघा.”

सुरेखा ऐकत होती. तिचा डावा डोळा भरून आला होता. जिनपालनी तिचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं, मिळालं, एक तरी मिळालं.

पण सुरेखाने हात सोडवून घेतला आणि मान हलवली. नाही, अशी. “चला,” ती म्हणाली. मग जोरात, “चला, चला.” ओठ वाकडे करून ती काहीतरी काढू पाहत होती.

“असं न्हवतं?” हरणाबाई घाबरल्या. “माझं काय चुकतंय का, आक्का? म्हातारपण वो, शब्दाला शब्द कुठलं ध्यानात राहायला.”

जिनपालनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात पुष्कळ महिन्यांनी पहिल्यांदा हट्ट होता. तिला तिचं वाक्य माहीत होतं, नेमकं, शब्दाला शब्द. ते आता फक्त तिच्यापाशीच होतं.

“एक मूठ न्हवतं?” त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. “दोन लिवलं हुतंस?” नाही. “शेजारी न्हवतं म्हटलं? दुसरं कोन?” नाही. “हाक मारा न्हवतं? मग? ताट वाढा?” नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत होती.

फोनमध्ये हरणाबाई थांबून होत्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, चूल निवली, जेवायची वेळ टळून गेली. जिनपाल अंथरुणाच्या कडेला बसून एकेक शब्द तिच्यासमोर धरत होते, आणि ती एकेक नाकारत होती.